रविवारी सकाळी, पोहे खाताना

प्रश्न : ताई, माझं वय ५८. तरुणपणी पाच-सहा वर्षं तालमीत घाम गाळलाय, फार मोठा पैलवान नव्हतो पण जत्रेतल्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात करून बऱ्यापैकी फडापर्यंत गेलो होतो. आता धाकटा मुलगा दर रविवारी सकाळी टीव्हीवर यूएफसी लावतो, पिंजऱ्यातली ती मारामारी. गेल्या आठवड्यात एक जण आडवा पडला, डोळे फिरले होते त्याचे, तरी दुसऱ्याने वरून आणखी दोन ठोसे हाणले आणि मग पंच मध्ये पडला. माझा पोह्यांचा घास घशाखाली उतरेना. पोरगा म्हणतो बाबा, हे बॉक्सिंगपेक्षा सेफ आहे, तुम्हाला कळत नाही. खरंच का? आणि हा खेळ म्हणायचा की झुंज? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : काका, झुंज हा शब्द तुमच्या आधी अमेरिकेतच वापरून झालाय. १९९६ च्या सुमाराला जॉन मॅकेन नावाचे सिनेटर याला माणसांची कोंबडझुंज म्हणाले होते, सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना बंदी घाला म्हणून पत्रं पाठवली त्यांनी. आणि तेव्हा ते काही चुकीचं बोलत नव्हते. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिला यूएफसी झाला, त्यातली पहिलीच फाइट टेइला टुली नावाचा अगडबंब सुमो पैलवान विरुद्ध जेरार्ड गोर्दो. टुली तोल जाऊन बसला, गोर्दोने तोंडावर लाथ घातली, दात उडाला, २६ सेकंदांत खेळ खलास. दाताचे तुकडे गोर्दोच्या पायात रुतले आणि तो तशाच पायाने त्याच रात्री आणखी दोन फाइट लढला. वजनगट नव्हते आणि चावायचं नाही, डोळ्यात बोटं घालायची नाहीत, असे एक-दोन सोडले तर नियम असे नव्हतेच.

आता तसं राहिलेलं नाही हे मान्य करायला हवं. वजनगट आले, ग्लोव्हज आले, पाच-पाच मिनिटांचे राउंड आले, खाली पडलेल्याच्या डोक्यात लाथ मारायची नाही, डोक्याने ढुशी द्यायची नाही, डॉक्टर बाजूला बसलेला असतो. न्यूयॉर्क राज्याने १९९७ मध्ये घातलेली बंदी २०१६ मध्ये उठवली ती उगाच नाही.

तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सरमध्ये ७.१ टक्के आणि पिंजऱ्यातल्यांमध्ये ४.२ टक्के निघालं. कारण सोपं आहे, बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला दहा आकडे मोजेपर्यंत उठायची संधी देतात आणि उठला की त्याच हललेल्या डोक्यावर पुन्हा मार. पण त्याच नोंदींत एकूण दुखापती मात्र पिंजऱ्यात जास्त होत्या, हे पोरगा सांगणार नाही :) आणि २०१६ मध्येच डब्लिनला जोआओ कार्व्हाल्हो हा पोर्तुगीज फायटर फाइटनंतर दोन दिवसांनी गेला. तेव्हा 'सेफ' वगैरे शब्द जरा जपून वापरायला सांगा त्याला.

मला स्वतःला खटकतं ते वेगळंच, काका. माझ्या भाच्यामुळे मीही बरेच रविवार हे बघितलंय (तिकडची शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ, म्हणून हे पोह्यांच्या वेळेलाच येतं). दोघं जमिनीवर गेले, एकाने पाठीवर कब्जा घेतला, दुसरा मनगट सोडवायला धडपडतोय, म्हणजे तुम्ही जिथे मान पुढे काढून बघाल नेमका तो भाग, तिथे पब्लिक हुर्यो उडवतं. त्यांना उभं करा, मारामारी पाहिजे. आपल्याकडेही कुस्ती लांबली की लोक ओरडतात, नाही असं नाही, पण कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेल्या म्हाताऱ्याला डाव कुठे अडकलाय ते दिसत असतं आणि त्याला हवी असते चितपट, पाठ टेकली की संपलं, वरून ठोसा नाही. इथे यूएफसी भरवणारी कंपनीच 'परफॉर्मन्स ऑफ द नाइट' म्हणून वर्षानुवर्षं हजारो डॉलरचा बोनस देत आलीय आणि तो बहुतेक वेळा जातो फाइट झटकन संपवणाऱ्याला, सावधपणे पॉइंटवर जिंकणाऱ्याला तो क्वचितच. मग तुम्ही पाहिलेले ते शेवटचे दोन ठोसे का पडतात ते बघा. पंच मध्ये येईपर्यंत थांबायचं नाही हे फायटरला शिकवलेलंच असतं, थांबला आणि समोरचा सावरला तर चूक त्याची. त्या फायटरला दुष्ट म्हणता येत नाही, पण बघणाऱ्यांना मी इतक्या सहज सोडणार नाही, त्यात मीही आलेच.

२०१३ मध्ये यूएफसीच्या एका फाइटमध्ये अँडरसन सिल्व्हाने लाथ मारली, समोरच्या क्रिस वाइडमनने गुडघा आडवा धरला आणि सिल्व्हाची नडगी काडीसारखी मोडली. २०२१ मध्ये खुद्द वाइडमनची नडगी तश्शीच मोडली. आणि हे लोक स्लो मोशनमध्ये पुन्हा पुन्हा बघतात!

टीव्ही बंद करू नका, तो मोबाइलवर बघेल. शेजारी बसा आणि दोघं जमिनीवर गेले की बोला, हा आता ढाक लावू शकला असता, त्याने हात इथे घालायला हवा होता. तुमच्या पोराला हे डोळे कुणी दिलेच नसतील. उद्या क्लास लावतो म्हणाला तर आधी दोन वर्षं तालमीत किंवा जिऊ-जित्सूला (ठोसे नाहीत, जमिनीवरची पकडापकडी) घाला, डोक्यावर मार खायची प्रॅक्टिस एवढ्यात नको.

आणि पोहे आधी खाऊन घेत जा.