ओठावरचा फोड आणि तान्हं बाळ : बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

'ओठावर ताप उतलाय, बाळाला जवळ घेऊ का?' असं विचारणारी पत्रं थांबत नाहीत, म्हणून यावेळी सगळी उत्तरं हर्पिसवरच, म्हणजे ओठावर किंवा गुप्तांगावर असे फोड आणणाऱ्या विषाणूच्या आजारावर.

मुलगी वीस दिवसांची आहे. माझ्या ओठावर ताप उतलाय. सासूबाई म्हणतात अंगावर पाजू नको. पावडरचं दूध द्यायचं का? (राजारामपुरी)

नाही. अंगावरच पाजा. साबणाने हात धुवा, मास्क लावा, खपली पडून कातडी पूर्ववत होईपर्यंत पापा घेऊ नका. फोड स्तनावर असेल तर मात्र त्या बाजूचं दूध काढून टाका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आठवा महिना आहे. मिस्टरांना पूर्वी गुप्तांगावर हर्पिस झाला होता, मला कधीच नाही. बाळाला होईल? (गडहिंग्लज)

तुम्हाला आता नव्याने झाला, तर होऊ शकतो. जुना हर्पिस असलेल्या आईची प्रतिपिंडं बाळाला मिळतात, त्यामुळे प्रसूतीत त्याला लागण होण्याचा धोका 3 टक्क्यांच्या आत असतो. शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच लागण झाली तर तो 30 ते 50 टक्के. फोड दिसत नसतानाही लागण होते, म्हणून बाळंत होईपर्यंत संबंध टाळा. प्रसूतितज्ज्ञांना हे याच आठवड्यात सांगा, मिस्टरांना बरोबर न्या. कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करावं लागतं. डॉक्टरांना आधी माहीत हवं.

लॅबवाले हर्पिसचं पॅकेज सुचवतात. सगळ्या घराचं करू? (इचलकरंजी)

पैसे वाचवा. जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांत ओठावरच्या हर्पिसचा विषाणू असतोच. 'आयजीजी पॉझिटिव्ह' (म्हणजे रक्तात त्याची प्रतिपिंडं सापडली) आल्याने तो कधी आला, आज पसरतोय का, काही कळत नाही. कुठली तपासणी लागेल ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

बाळ सोळा दिवसांचं. बारशाला आत्याने पापा घेतला, तिच्या ओठावर फोड होता. कालपासून बाळ नीट ओढत नाही, नुसतं झोपतं, अंग गार लागतं. आई म्हणते दृष्ट लागली. सोमवारी दाखवलं तर चालेल? (कागल)

या आईशी फोनवर बोलले आहे, बाळ आता रुग्णालयात आहे. बाकीच्यांसाठी लिहिते. दीड महिन्याच्या आतलं बाळ दूध सोडतं, सुस्तावतं, तापतं किंवा गार पडतं, झटके देतं, तेव्हा सोमवार नसतो. मीठमोहऱ्या ओवाळण्यात रात्र जाते आणि तोवर विषाणू मेंदूपर्यंत किंवा यकृतापर्यंत गेलेला असतो. 'अंगावर फोड नाही, मग हर्पिस कसा?' असं घरचे विचारतात. कित्येक बाळांना शेवटपर्यंत एकही फोड येत नाही. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीला नातेवाईक अडून बसतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की सुई टोचली की पोर लुळं पडतं. असं होत नाही. त्या तपासणीवरच ठरतं की असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध शिरेतून 14 दिवस द्यायचं की 21. औषध रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात, म्हणून एकेक तास मोलाचा. बाळाला हर्पिस नसून दुसराच जंतुसंसर्ग निघाला, तरी तोही थांबणारा नसतो. रात्र असली तरी कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा, नाहीतर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय. आणि पापा कुणी घेतला, कधी घेतला, हे तिथे न विचारता सांगा. आत्याला दोष लागेल म्हणून लपवू नका.

आजोबांना नागीण झाली आहे. हाच आजार ना? (पन्हाळा)

नाही, तो कांजिण्यांचा विषाणू. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा, बाळाला लांब. आईला कांजिण्या झाल्या नसतील तर लगेच डॉक्टरांना विचारा. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, हे खोटं. लेप लावत बसू नका, औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी.

पुढच्या रविवारी बारसं. पाहुण्यांना पापा घेऊ नका म्हटलं तर राग येईल. (शाहूपुरी)

येऊ दे. ओठावर फोड असेल त्याने कुंची-अंगडं आईच्या हातात द्यावं, बाळ मांडीवर घेऊ नये.