पणजीहून फेरीबोटीने दिवाडी आणि चोडण: आईवडिलांना घेऊन, गाडीशिवाय

तुमचा प्रश्न असा: पणजीत दोन दिवस मुक्काम, सोबत सत्तरीतले आईवडील, स्वतःची गाडी नाही, आणि फेरीबोटीने दिवाडी आणि चोडण ही दोन बेटं बघायची आहेत. तिकीट ऑनलाइन कुठे काढायचं, बोट किती वाजता सुटते, आणि दोन्ही बेटं एका दिवसात होतील का.

तिकीट काढायचंच नाही. पायी जाणाऱ्या माणसाला या फेरीबोटी फुकट आहेत, चारचाकीला थोडं भाडं पडतं. आरक्षण नाही, आसनक्रमांक नाही. धक्क्यावर जायचं, बोट लागली की चढायचं. दोन्ही बेटं एका दिवसात होतात, पण आईवडिलांना घेऊन करू नका. का ते खाली सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. ही पर्यटकांची बोट नाही. राज्य सरकारचं नदी परिवहन खातं ती चालवतं आणि बेटावरच्या माणसांचा तो रस्ता आहे. शाळेची मुलं, बँकेतली नोकरी, मासळीची टोपली, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्यावरूनच ये-जा करतं. दिवाडीला अजून पूल नाही. चोडणला मये-डिचोलीकडून जमिनीवरून जाता येतं, पण पणजीच्या माणसाला तो वळसा लांबचा, म्हणून तिथेही फेरीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुचाकींना भाडं लावायचा निर्णय झाला होता. बेटांवरून एवढा विरोध झाला की तो मागे पडला. रस्त्यावर पाय ठेवायला पैसे कोण देतो, असा लोकांचा साधा हिशेब होता. पणजीच्या लोकांना तरी तो पटायला हवा, कारण जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि पर्वरीच्या मधली सगळी माणसं अशाच बोटींवर चढत होती.

आता धक्के. पणजीहून तुमच्या कामाचे दोन: रायबंदर आणि जुने गोवे. रायबंदरहून चोडणलाही बोट जाते आणि दिवाडीलाही. तेव्हा चढण्याआधी "चोडण की दिवाडी?" एवढं विचारा. जुने गोवेचा धक्का व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली उतरलात की येतो. तिथून फक्त दिवाडी. पणजीच्या बसस्टँडवर बसमध्ये चढताना "रायबंदरमार्गे?" हे जरूर विचारा, कारण फोंड्याकडच्या बऱ्याच बसेस बगलरस्त्याने निघून जातात आणि तुम्ही रायबंदर लांबूनच बघत राहता. रायबंदरमार्गे गेलात तर पणजीबाहेर पडताना मिठागरांच्या कडेने जाणारा लांबच लांब सरळ रस्ता लागेल. तो पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला पूल आहे, पोंत दे लिन्यारिस. बसमध्ये नदीकडच्या बाजूला बसा.

वेळेबद्दल. बोटी पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालतात. पाण्यातला प्रवास दहा मिनिटांच्या आसपास, कधी त्याहून कमी. वाट बघायचा वेळ त्यापेक्षा जास्त धरा. सगळेजण सांगतात की सकाळची गर्दी टाळा. ते अर्धंच खरं आहे. सकाळी गर्दी असते ती बेटावरून पणजीकडे येणाऱ्यांची. तुम्ही उलटे जाणार. भरलेली बोट रायबंदरला रिकामी होते आणि जवळपास तशीच चोडणला परत जाते, त्यात तुम्ही आरामात चढता. संध्याकाळी हेच चक्र उलटं फिरतं. म्हणजे सकाळी आठला जाणं आणि संध्याकाळी सहाला परतणं हेच सगळ्यात सोयीचं. अडचण होते ती सकाळी उशिरा निघून संध्याकाळी बेटावर जाणाऱ्यांची, आणि रविवारी संध्याकाळी परतणाऱ्यांची. तेव्हा भाड्याच्या दुचाकींची रांग धक्क्याच्या रस्त्यावर मागे मागे जात राहते.

चढण्या-उतरण्याची पद्धत आईवडिलांना आधीच समजावून सांगा. बोट सपाट तळाची. तिची फळी काँक्रीटच्या उतारावर टेकते आणि सगळे त्यावरून ये-जा करतात. बोट टेकायच्या आतच दुचाकीवाले इंजिनं सुरू करतात आणि फळी पडताक्षणी सुटतात. पायी चालणाऱ्याने तेव्हा कठड्याला धरून उभं राहायचं, वाहनं जाऊ द्यायची आणि मग निवांत उतरायचं. बोट कुणाला टाकून जात नाही. ओहोटी असेल तर उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं. वडिलांच्या पायात चामड्याच्या चपला नकोत, आणि आईचा हात धरायचा तो नेमका त्या दहा पावलांपुरता. बसायला कडेला थोडी बाकं असतात. वयस्कर माणूस दिसला की बहुतेकदा कुणीतरी उठतं. जीवरक्षक जॅकेटं बोटीवर ठेवलेली असतात, घाला म्हणून कुणी सांगत नाही. तुम्हाला घालायची असतील तर मागून घ्या, लाजू नका.

मधेच बोट थांबली तर घाबरू नका. मांडवीतून खनिजाच्या बार्जेस जातात. बार्ज मोठी, तिला वळायला वेळ लागतो, म्हणून फेरीच थांबते.

आता कोणतं बेट कधी.

चोडणला एका सकाळी जा, शक्य तितक्या लवकर. धक्क्यावर उतरलात की डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य जवळच आहे, रिक्षा-टॅक्सी काही लागत नाही. अभयारण्य १९८८ सालचं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. आत जायला थोडं शुल्क आहे. पायवाट आहे, आणि होडीने खाडीच्या फाट्यांतूनही फिरवतात, पण होडी भरतीच्या हिशेबाने जाते. म्हणून आदल्या दिवशीच भरतीची वेळ बघून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांचा काळ. पक्षी दिसले नाहीत तरी चिखल बघत उभे राहा. पाण्याबाहेर उड्या मारणारे मासे आणि एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे बघायला माझ्या माहितीतल्या लहान मुलांइतकेच आजोबाही रमलेत. आईवडील दमले तर तिथूनच परत फिरा. बेटाच्या आत घरं, सेंट बार्थोलोम्यूचं चर्च आणि शेतं आहेत. छान आहेत, पण पायी अंतरं मोठी. आणि चोडणची देवकीकृष्ण बघायची असेल तर ती देवता आता चोडणला नाहीच, नदीपलीकडच्या माशेल गावात आहे. तिची गोष्ट दिवाडीच्या गोष्टीतच येते.

दिवाडीला मात्र अख्खा दिवस द्या, जुने गोव्याला जोडून. इथे एक स्पष्ट सल्ला: त्या दिवसापुरती पणजीहून टॅक्सी ठरवा आणि गाडीसकट फेरीवर चढा. कारण जुने गोवेच्या बाजूने दिवाडीला उतरलात की समोर शेतांमधून जाणारा सरळ रस्ता दिसतो, आणि पिएदाद गाव टेकडीवर. तो रस्ता तरुण माणसाला हवाहवासा वाटेल, पण सत्तरीतल्या माणसाला ऊन झेपणार नाही. पलीकडच्या धक्क्यावर रिक्षा उभी असेलच असं धरू नका. टॅक्सी ठरवताना "दिवाडीहून फेरीने नार्व्याला जायचंय" हे आधीच सांगून टाका (नार्व्याचं पुढे येतं), नाहीतर ऐन वेळी ड्रायव्हर कुरकुर करतो. आईवडील हॉटेलवर विश्रांती घेणार असतील आणि तुम्ही एकटेच जाणार असाल तर दुचाकी उत्तम. भाड्याने घेताना काळी नंबरप्लेट आणि पिवळे आकडे असलेलीच घ्या.

त्या सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन खाजन आहे. म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. बांधात मध्ये मध्ये लाकडी झडपांची दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीला दार मिटतं, ओहोटीला उघडतं, आणि त्या ये-जा करणाऱ्या पाण्यात मासळीही पकडली जाते. पावसाळ्यात गेलात तर तिथे भात उभा असतो. पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुंबईची माणसं नेहमी विचारतात, कारण गेटवेहून मांडव्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. इथल्या बोटी नदीतल्या आहेत, त्या चालू राहतात. फार वारा-पाऊस असेल तेवढ्यापुरत्या थांबवतात. खरं सांगायचं तर दिवाडी बघायची ती ऑगस्टमध्येच, फक्त त्या महिन्यातला चौथा शनिवार सोडून. त्या दिवशी पिएदादला बोंदेरांचा उत्सव असतो. झेंडे, चित्ररथ, बँड आणि फेरीवर माणसांचा पूर. तुम्हाला तेच बघायचं असेल तर जा, पण आईवडिलांना नेऊ नका.

पिएदादच्या टेकडीवरचं चर्च बघा, आणि चर्चपेक्षाही तिथून दिसणारी मांडवी. शेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे. त्यात जुन्या मंदिराचं कोरीव दगडकाम टिकून आहे, गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याच्या काळातलं. पुष्कळ लोक तिकडे फिरकतही नाहीत. आत दफनभूमी आहे हे लक्षात ठेवून आवाज बेताचा ठेवा. घरांचे फोटो काढताना व्हरांड्यात बसलेल्या माणसाला आधी विचारा. दिवाडीची लोकं बोलकी आहेत, पण पर्यटक त्यांच्या पायऱ्यांवर बसून पोज देतात त्याला ती विटली आहेत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

जेवणाचं असं की दुपारी एक ते चार गाव झोपतं. दुकानं बंद, खाणावळीही बहुतेक तशाच. पाणी आणि वडिलांच्या औषधांच्या वेळेचं खाणं सोबत असू द्या. हे चोडणलाही लागू.

तिथून पुढे बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे. इथूनच तिसरी फेरी डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जाते. दोन्ही काठांना एकच नाव असल्याने नकाशावर भलत्याच नार्व्यावर बोट ठेवलं जातं, ड्रायव्हरला "सप्तकोटेश्वर" असंच सांगा. माझ्या मते या सगळ्या फिरण्याचा गाभा ही तिसरी फेरीच आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचं दैवत. त्यांच्या नाण्यांवर "श्रीसप्तकोटीशलब्धवरप्रसाद" असं कोरलेलं असे. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, कोटीतीर्थाची तळी तिथे अजून आहे. तिसवाडी, म्हणजे पणजी आणि जुन्या गोव्याचा हा तालुका, १५१० पासून पोर्तुगीजांकडे, आणि दिवाडी-चोडण त्यातच. नदीपलीकडची डिचोली मात्र त्यांच्या हाती नव्हती, ती आली अठराव्या शतकाच्या शेवटी. म्हणून सोळाव्या शतकात देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि पाणी ओलांडलं. सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला, चोडणची देवकीकृष्ण शेवटी माशेलला स्थिरावली, दिवाडीचा महागणपती खांडोळ्याला. आज तुम्ही दहा मिनिटांत जी नदी ओलांडता ती त्या काळी दोन राज्यांची हद्द होती. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला, तसा शिलालेख देवळावर आहे. अलीकडे डागडुजी होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. बेताच्या उंचीचा घुमट, कौलारू उतरतं छप्पर, समोर दीपस्तंभ. मोठं देऊळ बघायच्या अपेक्षेने गेलात तर चुकल्यासारखं वाटेल. पण सकाळी कोटीतीर्थ, मग बोट, मग हे देऊळ, या क्रमाने गेलात तर न सांगता सगळं कळतं. क्रम उलटा करू नका.

नार्व्याच्या फेरीवर बोटी रायबंदरइतक्या भराभर नसतात. उतरल्यावर परतीची पुढची बोट कधी ते तिथल्या तिथे विचारून घ्या. उशीर झाला तर गाडी सोबत असल्याने डिचोलीवरून रस्त्यानेही पणजीला येता येतं, हाही टॅक्सीचा एक फायदा.

"दिवाडीवर बघण्यासारखं काही नाही" असं तुम्हाला कुणीतरी सांगितल्याचं लिहिलंत. समुद्रकिनारा, बाजार, झिपलाइन हवी असेल तर खरंच काही नाही.

अंधार पडल्यावर स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवणार असाल तर एक मात्र कडकपणे पाळा. फोनवरचा नकाशा फेरीचा मार्ग रस्त्यासारखाच दाखवतो. अनोळखी रस्ता अचानक उतार होतो आणि तो उतार थेट पाण्यात संपतो. अशी वाहनं नदीत गेल्याचे अपघात गोव्यात झालेत. धक्क्याजवळ आलात की वेग मोडा, बोट लागलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत उतारावर चाक घालू नका.

तुमच्या तारखा कळवलीत तर भरतीची वेळ बघून चोडणची सकाळ कोणत्या दिवशी ठेवायची ते सांगेन.