वर्गात पक्षांवरून भांडणं होतात, तर राज्यशास्त्र शिकवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की, पक्षांतरबंदी कायदा शिकवायला घेतला की बीएचा वर्ग दोन गटांत भांडायला लागतो, तर हा घटक थोडक्यात उरकावा का? अजिबात उरकू नका. मीही हाच विषय शिकवतो. महाराष्ट्रातल्या मुलांना याहून जवळचा घटक अभ्यासक्रमात नाही.

फक्त सुरुवात २०२२ च्या शिवसेनेतल्या फुटीपासून करू नका. १९६७ चा हरियाणा घ्या. गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग रूढ झाला. तिथे कुणाचाच जीव अडकलेला नसतो, त्यामुळे कायद्याची गरज का पडली हे सगळे शांतपणे ऐकतात. मग १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती आणि तिने आणलेली दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा. ती गाईडमधून नको, संविधानातूनच वाचून घ्या. जेमतेम काही पानांची आहे, आणि मराठीतही मिळते.

वाचताना तिसऱ्या परिच्छेदापाशी थांबा. एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना अपात्रतेतून सूट, असं त्यात होतं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने तो परिच्छेदच काढून टाकला. उरलं ते दुसऱ्या पक्षात विलीनीकरण, त्यालाही दोन तृतीयांश आमदार हवेत. एवढं फळ्यावर मांडून झालं की मगच विचारा: २०२२ मध्ये शिंदे गट 'आम्ही फुटलो' न म्हणता 'आम्हीच खरी शिवसेना' असं का म्हणत राहिला? वर्गातला आवाज तिथे बदलतो. कोण बरोबर, यापेक्षा कायद्याने कुणाला कोणती वाट ठेवली होती, यावर मुलं बोलू लागतात.

पुढच्या तासाला बाजू उलट्या करा. ठाकरे गटाच्या समर्थकाने शिंदे गटाची बाजू मांडायची, दुसऱ्याने उलट. प्रत्येक मुद्द्याला परिच्छेदाचा क्रमांक द्यायचा, नाहीतर मुद्दा बाद. सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२३ चा निकाल त्यानंतरच द्या. प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश (व्हिप) बजावणारा, नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा (सभागृहातल्या आमदारांच्या गटाचा) नसून राजकीय पक्षाचा, हे त्यात स्पष्ट केलंय. अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांकडेच ठेवला. अध्यक्ष स्वतः एखाद्या पक्षाचेच असतात, मग हे काम त्यांच्याकडे असावं का? यावर खुशाल भांडू द्या, हा वाद खरोखर राज्यशास्त्राचा आहे.

'सर, तुम्ही कुणाच्या बाजूने?' असं मुलं विचारतीलच. पेपर तपासून निकाल लागेपर्यंत मी ते सांगत नाही. माझं मत कळलं की काही मुलं त्याला धरूनच उत्तरं लिहितात.