सुनेला आत एकटीला जाऊ द्या

प्रश्न : मी सासू आहे, म्हणून आधीच माझ्याबद्दल मत करून घेऊ नका. आमचं गाव साक्री तालुक्यात. मुलगा सुरतला साडीच्या मिलमध्ये कामाला आहे. सून सव्वा महिना माहेरी राहून आमच्याकडे आली. बाळ आता अडीच महिन्यांचं आहे. सून कुणाशी बोलत नाही. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. तव्यावर भाकर टाकते आणि नुसती बघत उभी राहते, धूर निघाला तरी हिला कळत नाही. "माले काही गोड लागत नही," एवढंच म्हणते. परवा बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, याला तुम्हीच सांभाळा, माझ्या हातून काहीतरी होऊन जाईल. सातव्या महिन्यापासूनच रडायची; आम्ही म्हटलं, पोटुशी बाईला असं होतंच. दृष्ट काढली, भगताकडून दोरा आणला. बाळंतपण झालं त्या दवाखान्यात मी स्वतः घेऊन गेले, तर डॉक्टरांपुढे "बरं आहे" म्हणाली. त्यांनी टॉनिक लिहून दिलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जा म्हटलं तरी नको म्हणते. लोक म्हणतात वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊ नका, त्या गोळ्यांनी दूध आटतं. काय करू?
– एक वाचक, साक्री तालुका

उत्तर : आक्का, नाही करत मत. सुनेची काळजी करणारं सासूचं पत्र माझ्याकडे क्वचितच येतं.

आधी तातडीचं. आज रात्री बाळाला पाजून झालं की तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने नको ते डोक्यात भरतं, हा समज खोटा आहे. ती हो म्हणाली, किंवा उत्तर न देता नुसती रडली, तर तिला एकटीला सोडू नका आणि सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि ती काहीही म्हणो, कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे घरात जिथे असतील तिथून उचलून आजच कुलपात टाका. आपल्या भागात घात होतो तो या डब्यांनी.

"माझ्या हातून काहीतरी होऊन जाईल" हे ऐकून तुम्ही घाबरला असाल. नैराश्यात असे नको असलेले विचार आईच्या मनात आपोआप घुसतात, आणि तिला त्यांची भीती वाटते म्हणूनच ती बाळ तुमच्या मांडीवर आणून ठेवते. बाळ हिसकावून घेऊ नका, पण दोघांच्या सोबतीला कुणीतरी असू द्या. मात्र रात्र रात्र न झोपूनही ती थकत नसेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, बाळ आपलं नाहीच, बदललंय, असं काही बोलत असेल, तर ते निराळं आणि गंभीर दुखणं. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतं. तसं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि त्याच दिवशी न्या.

तुमच्या पत्रावरून मला ते तसं वाटत नाही. हे नैराश्य वाटतं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं, अडीच महिने टिकत नाही. गोव्यात एका जिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणींचा अभ्यास झाला होता, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं तेव्हा २३ टक्के जणींना नैराश्य होतं, आणि त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे सातव्या महिन्यातलं ते रडणं हीच सुरुवात. "पोटुशी बाईला असं होतंच" या बोलण्याचा मला राग येतो, आक्का, आणि तो फक्त तुमच्यावर नाही. माझ्या माहेरीही हेच बोलतात. त्या अभ्यासात गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि बाळ मुलगी असणं यांचाही हात दिसला होता. तुम्ही पत्रभर "बाळ" लिहिलंय, मुलगा की मुलगी ते नाही. मी विचारत नाही. पण त्यावरून घरात कुणी टोमणे मारत असेल तर त्याचं तोंड आधी बंद करा.

आता दवाखान्यातलं ते "बरं आहे". घरात अहिराणी बोलणारी पोरगी डॉक्टरपुढे, शाळेतल्या मराठीत, शेजारी सासू बसलेली असताना दुसरं काय सांगणार? राग मानू नका, पण यावेळी केसपेपर काढून तिला आत एकटीला जाऊ द्या. तुम्ही बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसा. आणि घरून निघतानाच तिला सांगा, अहिराणीत बोल. डॉक्टर बाहेरगावचे असले तर तिथल्या सिस्टर, मावश्या समजावून सांगतील. आत जाण्याआधी एवढंच बोला, की हातून काही होईल असं मला म्हणालीस ना, तेही सांग, ते सांगितल्याने बाळ कुणी काढून घेत नाही. डॉक्टर कदाचित दहा प्रश्नांची एक यादी विचारतील. १९८७ पासून ती जगभर वापरतात: गेल्या सात दिवसांत हसू आलं का, कारण नसताना स्वतःला दोष दिला का, असे साधे प्रश्न. त्यात पास-नापास नसतं. परक्या भाषेत आपलं दुःख सांगणं कुठेच सोपं नाही. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या आयांचीही तीच अडचण, म्हणून तिथे २०२२ साली गरोदर आणि बाळंत बायकांसाठी सरकारी फोनसेवा निघाली ती इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही.

जायचं कुठे? धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात. तिथे वेडेच जातात असं म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा, बाळंतपणानंतर दोन्ही बिघडतात आणि माणूस असाच मरगळतो. दूध आटण्याची भीती सोडा. अंगावर पाजत असताना देता येतात अशा गोळ्या आहेत. त्यातली सर्ट्रालिन दुधात फार थोडी उतरते. कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त बाळ अंगावर पितं हे सांगा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर "काही फरक नाही" म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. भरती करायची वेळ आलीच, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल आईपासून सहसा वेगळं करत नाहीत.

भगताचा दोरा हातात राहू द्या, त्यावरून भांडण नको. फक्त पुढच्या अमावास्येपर्यंत थांबा असं कुणी म्हणालं तर थांबू नका.

धुळ्याला जाईपर्यंत १४४१६ वर फोन करता येतो. मनाच्या दुखण्यांसाठीची ही सरकारी फोनसेवा, तिला टेलिमानस म्हणतात, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. फोन लावून द्या आणि तुम्ही ओट्यावर जा. बाळाला तीन महिने झाले की आशाताई घरी यायला हव्यात. त्यांनाही तिच्याशी एकटीशी बोलू द्या. माहेरी जायचा आग्रह आत्ता नको, तिथे झोपाळे आणि गाणी चालू असताना तिला आणखी एकटं वाटेल. रात्री दहाचं पाजून झालं की बाळ तुमच्याजवळ घ्या, वाटीत काढून ठेवलेलं दूध मधल्या वेळी चमच्याने पाजा, तिला सलग चार-पाच तास झोपू द्या.

आणि सुरतला फोन करा. पैसे पाठव म्हणून नाही. धुळ्याला जायच्या दिवशी मुलगा सोबत पाहिजे. मिलमधून सुट्टी मिळत नाही म्हणाला तर त्याला सांगा, तिला कावीळ झाली असती तर मिळाली असती ना?