फ्युजन रिअॅक्टर बंद केल्यावरही रेडिएशन कुठून येतं?

प्रश्न: फ्युजनमध्ये चेन रिअॅक्शन नसते, बंद केलं की प्लाझ्मा (आतला अतितप्त वायू) लगेच विझतो असं वाचलंय. मग मेंटेनन्सवाल्यांना रेडिएशन लागतं कुठून? आणि रोबोट असताना माणसं पाठवायचीच कशाला?

उत्तर: प्लाझ्मा विझतो, न्यूट्रॉनही थांबतात, पण तोवर भिंतीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ड्युटेरियम-ट्रिटियममधून, म्हणजे इंधन असलेल्या जड हायड्रोजनच्या दोन प्रकारांमधून, निघालेला 14.1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन स्टीलमध्ये घुसतो आणि तिथले साधे अणू किरणोत्सर्गी करून टाकतो. लोखंडापासून मँगनीज-56 बनतं, त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) अडीच तासांच्या आसपास, म्हणजे दोन दिवस थांबलं की ते जवळपास संपलंच. पण स्टीलमधल्या कोबाल्टपासून बनणाऱ्या कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, ते वाट बघून जात नाही, आणि त्याचे गॅमा किरण इतके जोरदार की एक्स-रे विभागातला शिशाचा एप्रन घालून काहीच साधत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की कामगाराचा डोस (शरीराला लागणारं रेडिएशन) त्याने सूट चढवायच्या कितीतरी वर्षं आधी, स्टीलची ऑर्डर देताना आणि ड्रॉइंग काढतानाच ठरतो. स्टीलमध्ये कोबाल्टचा अंश किती चालेल, शिल्डिंगमध्ये फटी कुठे राहतायत ज्यातून न्यूट्रॉन बाहेर निसटतील, बोल्ट किती आणि हात कुठून घालायचा, हे सगळं तेव्हाच बघावं लागतं, नंतर त्यात फारसं बदलता येत नाही.

रोबोटचं म्हणाल तर व्हेसलच्या, म्हणजे प्लाझ्मा असतो त्या पात्राच्या, आत तेच जातात. इंग्लंडमधल्या जेट या फ्युजन यंत्रात 1997 च्या ड्युटेरियम-ट्रिटियम प्रयोगांनंतर 1998 मध्ये डायव्हर्टरचे (प्लाझ्मातली उष्णता आणि कचरा झेलणाऱ्या तळाच्या पट्ट्याचे) भाग माणूस आत न पाठवता बदलले, ऑपरेटर बाहेर बसून यांत्रिक हात चालवत होते आणि आतला जोर त्यांच्या हाताला जाणवत होता. पण व्हेसलबाहेर पोर्टजवळ (आत जायच्या तोंडांजवळ) पाइप, केबल, मोजमापाची उपकरणं यांची इतकी गर्दी असते की तिथे अजून माणसाचाच हात लागतो. फ्रान्समधल्या इटर या मोठ्या फ्युजन प्रकल्पामध्ये अशा जागांसाठी, मशीन बंद केल्यावर सुमारे 12 दिवसांनी, ताशी 100 मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे डोसचं माप, 1000 मायक्रो म्हणजे 1 मिलि) हे डिझाइनचं उद्दिष्ट धरलंय. कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची, म्हणजे तिथे 200 तासांत वर्षाचा कोटा संपला, आणि तो कोटा गाठायचा नसतो, जमेल तितकं खाली राहायचं असतं! त्यामुळे पटकन सुटणारे क्लॅम्प आणि डमी मॉडेलवर आधी केलेली प्रॅक्टिस यांचं मोल फार, आत वाचलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे तेवढा डोस कमी.

ट्रिटियमचं वेगळं, ते स्वतःच किरणोत्सर्गी असतं. त्याचा बीटा कण त्वचेच्या आत शिरत नाही, पण ट्रिटियमवालं पाणी वाफेच्या रूपात श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जातं. म्हणून व्हेसल तापवून आतलं ट्रिटियम आधी काढून घेतात, आणि जिथे ते हवेत असू शकतं तिथे बाहेरून हवा पुरवलेला सूट घालूनच माणूस जातो.