पंधराव्या दिवशी आनंद कुठे जातो?

प्रश्न : सहा महिने पैसे साठवून नवा फोन घेतला. पहिले चार दिवस तो उशाशी घेऊन झोपलो. पंधराव्या दिवशी तो नुसता फोन झाला! दोष फोनमध्ये आहे की माझ्यात?

उत्तर : दोघेही धडधाकट आहात. माणसाचं मन चांगल्या गोष्टीला फार लवकर सरावतं, एवढंच. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या २२ लॉटरी विजेत्यांची पाहणी केली. ते बाकीच्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, मासिक वाचणं अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली होती. अर्थात २२ हा आकडा लहान आहे. पुढे स्वीडनमधल्या हजारो विजेत्यांची पाहणी झाली, तेव्हा आयुष्याबद्दलचं समाधान कित्येक वर्षं टिकलेलं दिसलं. रोजच्या आनंदावरचा परिणाम मात्र त्या मानाने बराच कमी होता. म्हणजे पैशाचा उपयोग होतो, पण सकाळी उठल्या उठल्या गुदगुल्या व्हाव्यात इतका नाही.

यावर उतारा आहे : खंड पाडा. २०१३ सालच्या एका प्रयोगात काही जणांना आठवडाभर चॉकलेट बंद केलं आणि काहींना हवं तेवढं खाऊ दिलं. आठवड्यानंतर सगळ्यांना चॉकलेट दिलं, तेव्हा जास्त मजा उपाशी गटाला आली.

फोन बंद ठेवणं तुम्हाला जमणार नाही, आणि तशी गरजही नाही. त्यातली सगळ्यात आवडती एकच गोष्ट निवडा, समजा गेम. सात दिवस तो काढून टाका. नुसता आड लपवला तर तिसऱ्या रात्री बोट आपोआप तिथे जातं. आठव्या दिवशी वीस मिनिटं खेळा आणि त्या वेळात दुसरं काही करू नका. बहुतेकांचं चुकतं ते इथे : एक गेम काढतात आणि त्याच जातीचा दुसरा घेतात. मग भूक लागणार कशी?

प्रश्न : चित्रकलेच्या स्पर्धेत मुलीचा दुसरा नंबर आला आणि ती रडतेय. तिसरा नंबर आलेली मुलगी मात्र नाचतेय! हे कसं?

उत्तर : ऑलिंपिकमध्येही हेच होतं. १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धेच्या चित्रफिती दाखवून संशोधकांनी काही जणांना खेळाडूंच्या चेहऱ्यावरच्या आनंदाला दहापैकी गुण द्यायला लावले. निकालानंतर लगेच कांस्यवाल्यांना सरासरी ७.१ गुण पडले, रौप्यवाल्यांना ४.८. दुसरा आलेल्याची नजर हुकलेल्या सुवर्णावर असते, तर तिसरा आलेल्याला वाटतं, थोडक्यात वाचलो, नाहीतर हात हलवत परतलो असतो.

आज रात्री ‘पुढच्या वेळी पहिला आण’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये, आजोबांनीसुद्धा. ते मायेनेच म्हणतील, पण पोरीची नजर पुन्हा त्या हुकलेल्या नंबरावर जाईल. चित्र समोर ठेवा आणि विचारा, ‘हे ढग कसे केलेस गं?’ मग ती सांगेल ते सगळं ऐका, मध्ये एकही सूचना न करता.

प्रश्न : चांगल्या गोष्टींची वही रोज लिहिते. हल्ली रोज तेच येतं : चष्मा सापडला, पंखा चालू आहे. आनंद काही होत नाही.

उत्तर : रोज लिहिता, म्हणूनच. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात सहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, तीनदा लिहिणाऱ्यांचा नाही. रतीब घातला की वहीसुद्धा गृहपाठ होते.

वार ठरवा, रविवार चालेल. पाचपेक्षा जास्त गोष्टी नकोत. एकच सुचली तर एकच, पण ती तपशिलाने लिहा. ‘बहीण’ एवढंच लिहून उपयोग नाही. ‘बुधवारी ताप होता, तर ताई कामावरून परस्पर आली, न विचारता भांडी घासली आणि जाताना दिवा मालवून दार हळूच ओढून घेतलं’, असं लिहा. आणि लिहून झालं की तिला फोन करून वाचून दाखवा.