मिठाच्या पिठाच्या चांदण्या आणि खाडीकाठची हवा

प्रश्न : ताई, गेल्या नाताळात मुलीबरोबर मैदा-मिठाच्या पिठाच्या चांदण्या आणि घंटा केल्या. ओटीजीमध्ये १८० अंशांवर अर्धा तास भाजल्या. काही फुगल्या, काहींना तडे गेले. ज्या बऱ्या निघाल्या त्या रंगवून ठेवल्या, तर पावसाळ्यात सगळ्या मऊ आणि ओल्या झालेल्या. मुलगी फार हिरमुसली. यंदा काय बदलू?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझंच कपाट आठवलं. नौपाड्यात राहायला आल्यावर पहिल्याच नाताळात मी बावीस चांदण्या केल्या होत्या. पुढच्या जुलैत त्यांतल्या नऊ घामेजल्या आणि खालच्या फळीवरच्या पुस्तकांवर खाऱ्या पाण्याचे डाग पडले. रंग चांगला होता, वॉर्निशही दिलेलं होतं. चूक सापडली ती दोरा ओवायच्या भोकात. भोकाच्या आतल्या कडेपर्यंत ब्रश पोचलाच नव्हता आणि हवेनं तिथूनच वाट काढली.

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. ठाणे काय नि नेरुळ काय, आपण खाडीकाठची माणसं, पावसाळ्यात हा आकडा कितीतरी दिवस ओलांडला जातो. म्हणून पिठातलं पाणी आधी पुरतं बाहेर काढायचं आणि मग ते परत आत शिरू द्यायचं नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ यातच आहे.

प्रमाण सोपं आहे: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी वाटीपेक्षा थोडं कमीच, आणि तेही जपून घालायचं. मीठ बारीकच हवं. १०० मिली पाण्यात फार तर ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्यामुळे वाटीभर मिठातलं बरंचसं पिठात कणांच्याच रूपात राहतं. जाड मीठ असेल तर पृष्ठभाग खरखरीत होतो. मिक्सरमधून फिरवून घ्या. पुरीच्या कणकेइतकं घट्ट भिजवा आणि चांगली दहा मिनिटं तिंबा. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास राहू द्या. लाटताना जाडी सगळीकडे सारखी ठेवा, अर्धा सेंटिमीटर पुरे. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झालं की तडा तिथेच जातो. भोक स्ट्रॉने पाडा, आणि आत्ताच पाडा. वाळल्यावर पाडायला गेलात तर चांदणी दुभंगते.

आता वाळवण. १८० अंशांवर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि पीठ फुगतं. वरचा थर भराभर सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, म्हणून तडे जातात. १०० ते ११० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. मला स्वतःला मात्र पंख्याखाली वाळवलेल्याच जास्त आवडतात. जाळीवर मांडायच्या, रोज सकाळ-संध्याकाळ उलटायच्या, चार-पाच दिवस, जाड असतील तर आठवडा. दिवसा बाल्कनीत ठेवल्या तरी चालतं, पण संध्याकाळी आत आणायच्या, पापड-कुरडया आणतो तशाच. डिसेंबरात पहाटे दव पडतं. वाळली का ते ओळखायला चांदणी गालाला लावा. गार लागली तर आत अजून पाणी आहे.

हे सगळं धरलं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करावी लागते. २३ तारखेला भिजवलेलं पीठ २५ला झाडावर टांगायचं, ही घाई सोडा. मुलं उतावीळ होतात, पण रोज उलटायचं काम त्यांच्याकडेच द्या. तुमची मुलगी ते मन लावून करेल.

रंग अ‍ॅक्रिलिक. पाण्याचे रंग नकोत, त्यांतलं पाणी परत पिठात मुरतं. रंग सुकला की हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते पारदर्शक वॉर्निश, दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. पुढून, मागून, कडेनं. भोकात काडीला कापूस गुंडाळून आतून फिरवा. नाताळ संपला की प्रत्येक चांदणी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या मी वर्षभर जमवते आणि याच डब्यात टाकते.

तलावपाळीजवळ माझी एक ईस्ट इंडियन, म्हणजे इकडच्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातली, मैत्रीण राहते. तिच्या नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातली मेंढरं मी याच पिठाची करून दिली. कान चिकटवताना दोन्ही बाजू टाचणीनं खरवडल्या आणि पाण्याचं बोट लावलं. आज पाच पावसाळे झाले, एकाही मेंढराचा कान पडलेला नाही.

प्रश्न : आमच्याकडे वर्षाचं लॅब्राडोर आहे. वाळलेलं पीठ त्यानं चघळलं तर चालेल का?
— एक वाचक, कोलशेत

उत्तर : अजिबात नाही. कच्चं असो की वाळलेलं, त्यातलं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. उलट्या, थरथर, झटके, इथपर्यंत जातं. तुकडा खाल्लेला दिसला तर वाट न पाहता, घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्याकडे न्या. पीठ भिजवताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. वर्षाचं लॅब्राडोर घरात असेल तर यंदा कागदाच्या किंवा कापडाच्या चांदण्या करा. उंच टांगू म्हणाल, पण दोरा तुटतो.

प्रश्न : आजी, मैदा नाहीये. आई म्हणते कणीक घे. चालेल?
— इयत्ता पाचवी, ठाणे

उत्तर : चालेल की! कणकेतल्या कोंड्यामुळे रंग तपकिरी येतो, घंटा आणि छोट्या घरांना तो छान दिसतो. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून एकेक चमचा वाढवत जा. कडांना आईचं करंजीचं कातणं फिरव, सुंदर नक्षी उठते. मग ते लगेच धुऊन पुसून ठेव, मिठानं पत्रा गंजतो.